वर्णपट विचित्र दिसतोय? सुपरनोव्हाचा ‘नवा प्रकार’ जाहीर करण्याआधी या चुका टाळा

पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणात २०१० साली पीएस१-१०एएफएक्स नावाचा एक सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, सापडला. रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश लाल बाजूला सरकण्याचं प्रमाण) १.३९ च्या आसपास, म्हणजे अंतर अफाट, आणि तरीही तेज डोळे दिपवणारं. एका गटाने तो अतितेजस्वी सुपरनोव्हाचा वेगळाच प्रकार म्हणून मांडला. दुसऱ्या गटाने त्याचा वर्णपट शांतपणे ताडून पाहिला, तर तो अगदी नेहमीच्या टाइप १ए सुपरनोव्हाचा, म्हणजे श्वेत बटू ताऱ्याच्या स्फोटाचा, निघाला! वाटेतल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा प्रकाश सुमारे तीसपट वाढवला होता. सुपरनोव्हा मावळल्यावर त्या जागेचा वर्णपट पुन्हा घेतला, तेव्हा त्यात या मधल्या दीर्घिकेच्या वर्णरेषा (मूलद्रव्यांच्या ठरावीक तरंगलांबीवरच्या खुणा) मिळाल्या.

म्हणून वर्णपट चमत्कारिक दिसला की आधी उपकरणावर संशय घ्या, मग आपल्या हवेवर, मग दीर्घिकेवर, मग रेडशिफ्टवर. ताऱ्याची पाळी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं घसरतं.

हवेच्या खुणा ताऱ्याच्या खात्यावर टाकू नका

पृथ्वीच्या वातावरणातला ऑक्सिजन ६८७० आणि ७६०० अँगस्ट्रॉमजवळ (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) वर्णपटात खोल खाचा पाडतो. डेटा हाताळताना आपण रेडशिफ्ट काढून टाकतो, म्हणजे रेषा मूळ तरंगलांबीवर परत आणतो, आणि मग या खाचा सरकून भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. समजा, दीर्घिकेचा रेडशिफ्ट ०.०५ आहे. मग ६८७० ची खाच ६५४३ वर येते. हायड्रोजनची अल्फा रेषा ६५६३ वर. तिच्या निळ्या बाजूला अशी खाच दिसली की सेकंदाला नऊशे किलोमीटर वेगाने वायूचं कवच बाहेर पडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ती आपल्याच डोक्यावरची हवा असते.

उपाय सोपा आहे. वर्णपट दोनदा काढा: एकदा रेडशिफ्ट काढून आणि एकदा जसा दुर्बिणीत आला तसा. दुसऱ्यावर या दोन जागांना उभ्या रेघा मारा. त्याच रात्री तुलनेसाठी घेतलेल्या, ओळखीच्या प्रमाण ताऱ्याच्या वर्णपटातही तीच खाच असेल तर प्रश्न मिटला.

स्लिटची, म्हणजे वर्णपटदर्शकात प्रकाश आत सोडणाऱ्या अरुंद फटीची, दिशा हे दुसरं दुखणं. वस्तू क्षितिजाकडे झुकलेली असताना वातावरण निळा आणि लाल प्रकाश वेगवेगळा वाकवतं. स्लिट त्या दिशेला लावली नाही तर बहुधा निळा प्रकाश बाहेरच राहतो आणि स्फोट असतो त्यापेक्षा थंड भासतो. वर्णपटावरून काढलेलं तापमान आणि फिल्टर लावून मोजलेला रंग जुळत नसेल तर आधी इथे पाहा. आणि एकाच लांब एक्स्पोजरवर कधीच विसंबू नका. वैश्विक किरणाचा एक ठिपकाही सुंदर अरुंद रेषा उमटवून जातो. दोन-तीन तुकड्यांत एक्स्पोजर घेतलं की तो उघडा पडतो.

दीर्घिकेचा हायड्रोजन

माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचे ‘टाइप २एन’ इथे जन्माला येतात. टाइप २एन म्हणजे ज्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या अरुंद रेषा दिसतात. ताऱ्याने मरणाआधी बाहेर टाकलेल्या वायूवर स्फोट आदळतो आणि त्या उमटतात. पण सर्पिल दीर्घिकांच्या बाहूंमध्ये नवे तारे जन्मतात तिथला वायूही नेमकी अशीच अरुंद रेषा देतो.

फरक ओळखायचा तर काढून घेतलेल्या आलेखावर थांबू नका, मूळ द्विमितीय प्रतिमा उघडा. सुपरनोव्हाचा पट्टा आडवा जात असेल तर त्याच्या वर आणि खालीही रेषा पसरलेली आहे का ते पाहा. पसरली असेल तर ती दीर्घिकेची. बाजूला ६५४८ आणि ६५८३ वर नायट्रोजन, ६७१६ आणि ६७३१ वर गंधक दिसत असेल तर संशय आणखी पक्का. खऱ्या २एन मध्ये अरुंद टोकाखाली सहसा रुंद पाया असतो, दोन्हीकडे लांब उतरत गेलेला. वर्णपटातून दीर्घिकेची पार्श्वभूमी जास्त वजा झाली तर उलटी गंमत होते, नसलेली शोषणरेषा तयार होते.

यंत्राची कुवतही ध्यानात ठेवा. कॅलिफोर्नियातल्या पालोमार टेकडीवरच्या ६० इंची दुर्बिणीवरचा वर्णपटदर्शक मुद्दाम कमी विभेदनक्षमतेचा (जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याच्या कुवतीचा), शंभरच्या आसपासचा, बनवला आहे. आकाशात रोज नवे स्फोट सापडतात, त्यांचं झटपट वर्गीकरण हे त्याचं काम. त्या टेकडीवरच्या सर्वेक्षणांमागे कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचं मोठं काम आहे. पण शंभर विभेदनक्षमता म्हणजे सेकंदाला तीन हजार किलोमीटरपेक्षा अरुंद काहीही धूसर होणार. तिथे अरुंद रेषा दिसली नाही म्हणून ती नाहीच असं लिहू नका.

६१५० ची खाच

६१५० अँगस्ट्रॉमजवळ खाच दिसली की सिलिकॉन, आणि सिलिकॉन म्हणजे टाइप १ए, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सिलिकॉनची रेषा मुळात ६३५५ ची. आपल्याकडे येणाऱ्या वायूमुळे ती निळ्या बाजूला सरकते, ६१५० म्हणजे सेकंदाला साधारण ९,७०० किलोमीटर. पण हायड्रोजनची अल्फा रेषाही १९,००० किलोमीटर वेगाला नेमकी तिथेच येते! कोवळ्या टाइप २बी मध्ये (हायड्रोजनचा पातळ थरच उरलेल्या ताऱ्याच्या स्फोटात) असे वेग संभवतात. मग हायड्रोजनची बीटा रेषा त्याच वेगाने ४५५५ जवळ आहे का ते तपासा. आणि १ए असेल तर ५२०० ते ५५०० च्या पट्ट्यात गंधकाच्या दोन शेजारशेजारच्या खाचा हव्यात. एका रेषेवर निदान करू नये.

रेडशिफ्ट गृहीत धरणं

२००६ साली हबल दुर्बिणीला एससीपी ०६एफ६ नावाचा स्फोट सापडला. सुमारे शंभर दिवस तो उजळत गेला आणि वर्णपटात रुंद खाचा अशा, की कुठल्याच ओळखीच्या सुपरनोव्हाशी मेळ नाही. तो किती दूर आहे हेच कळेना. २०११ मध्ये रॉबर्ट क्विम्बी आणि सहकाऱ्यांनी त्याच जातकुळीच्या इतर वस्तूंच्या शेजारी तो ठेवला. त्यांच्यात मॅग्नेशियमच्या अरुंद शोषणरेषांवरून रेडशिफ्ट मिळाला होता. मग एससीपी ०६एफ६ चा रेडशिफ्ट १.१८९ ठरला आणि अतितेजस्वी सुपरनोव्हांचा एक अख्खा वर्ग उभा राहिला. कोडं रसायनाचं वाटत होतं. उत्तर अंतरात होतं.

२०१८ च्या जूनमधल्या एटी२०१८काऊ या स्फोटाची सुरुवातही अशीच. वर्णपट निळा, तापलेला, सपाट. आपल्याच आकाशगंगेतला एखादा भडकलेला तारा असेल असंही वाटलं. दीर्घिकेतल्या कॅल्शियमच्या अरुंद रेषांनी तो सुमारे २० कोटी प्रकाशवर्षं दूर असल्याचं सांगितलं. म्हणून अरुंद जोड्या आधी शोधा: कॅल्शियम ३९३४ आणि ३९६९, मॅग्नेशियम २७९६ आणि २८०३.

‘स्निड’सारखं टेम्प्लेट जुळवणारं सॉफ्टवेअर चालवताना रेडशिफ्ट माहीत असेल तर तो बांधून द्या. मोकळा सोडला की ते रेडशिफ्ट आणि वायूचा वेग यांची अदलाबदल करून छान दिसणारी जुळणी देतं. शिवाय त्याच्या संग्रहात जो प्रकार नाही, त्यालाही ते कुठलं तरी नाव देणारच. पहिल्या जुळणीवर खूश न होता पहिल्या दहा पाहा. ज्यांतले स्फोटानंतरचे दिवस प्रकाशवक्राशी (दिवसागणिक तेज कसं बदललं त्याच्या आलेखाशी) जुळत नाहीत त्या सरळ काढून टाका.

एकाच रात्रीचा पुरावा

एका रात्रीच्या वर्णपटावर प्रकार ठरवू नका, वर्णपट बदलत जातो. एसएन १९९३जे हा सुपरनोव्हा सुरुवातीला हायड्रोजन दाखवत होता, काही आठवड्यांत हेलियम पुढे आलं. एसएन २०१४सी हा १बी (हायड्रोजन नसलेला, हेलियम दाखवणारा) म्हणून सुरू झाला आणि वर्षभरात २एन सारखा झाला. जपानच्या कोइची इतागाकी यांनी १९ मे २०२३ रोजी एम१०१ दीर्घिकेत शोधलेल्या एसएन २०२३आयएक्सएफच्या सुरुवातीच्या अरुंद रेषा साधारण आठवडाभरात विरल्या. लडाखमध्ये हानले इथल्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीनेही त्याचा पाठपुरावा केला.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. आयपीटीएफ१४एचएलएस या सुपरनोव्हाचा वर्णपट पाहून कुणीही ‘साधा टाइप २’ (हायड्रोजन दाखवणारा) म्हणून फाइल बंद केली असती. पण तो ६०० दिवसांहून अधिक काळ तेजस्वी राहिला, त्या काळात पुन्हा पुन्हा उजळला, आणि वर्णपट मात्र नेहमीच्या दहापट संथ गतीने बदलत होता. साध्या दिसणाऱ्या वस्तूचा दुसरा वर्णपट, शक्य असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, मागून घ्या.

वर्गीकरण नोंदवताना रेडशिफ्ट दीर्घिकेवरून घेतला की सुपरनोव्हाच्या रेषांवरून ते स्पष्ट लिहा, वर्णपटाची फाइल सोबत चढवा, आणि खात्री नसेल तर प्रकारापुढे प्रश्नचिन्ह राहू द्या. ते पाहूनच दुसऱ्या कुठल्या तरी दुर्बिणीवरचा माणूस पुढच्या रात्री त्या बिंदूकडे वळतो.