वायफाय, वजन, पाठदुखी... घरच्या घरी प्रयोग करताना या चुका टाळा

मध्यंतरी आमचं वायफाय रोज रात्री साडेआठच्या आसपास मान टाकायचं. दिवसभर ठणठणीत आणि नेमकं जेवणाच्या वेळेला व्हिडिओवर ते गोल चक्र फिरायला लागायचं. मी काय केलं, तर एकाच संध्याकाळी राउटर बंद-चालू केला, त्याची जागा बदलली, पासवर्ड बदलला (कुणीतरी फुकटात वापरतंय असा संशय), फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मारलं आणि वर कंपनीला फोन करून तक्रारही टाकली. पुढचे दोन दिवस मस्त चाललं, मी खूश. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि आता तर मला हेही माहीत नव्हतं की मधले दोन दिवस नीट चाललं ते नक्की कशामुळे.

पाच गोष्टी एकदम बदलणं

ही सगळ्यात कॉमन चूक आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. वैतागलेला माणूस हाताला येईल ते सगळं करून बघतो, साहजिक आहे, पण मग बरं झालं तरी कळत नाही आणि बिघडलं तरी कळत नाही. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा आजार) झालेले १२ खलाशी घेतले, त्यांना एकाच जागी ठेवलं, जेवण सगळ्यांना सारखं दिलं आणि दोघा-दोघांच्या ६ जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, म्हणजे कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला संत्री-लिंबू. संत्री-लिंबूवाले दोघं झपाट्याने सुधारले. बाकी सगळं सारखं ठेवलं होतं म्हणूनच फरक कशाने पडला ते दिसलं, सहाही उपाय सगळ्यांना एकत्र पाजले असते तर सगळे बरे झाले असते आणि श्रेय कदाचित समुद्राच्या पाण्याला गेलं असतं! (तरी नौदलाने लिंबाचा रस मनावर घ्यायला १७९५ साल उजाडलं, तो वेगळाच विषय.)

तर एका वेळी एकच गोष्ट बदला, बघा, आणि फरक नाही पडला तर ती परत पहिल्यासारखी करून मगच पुढची. ही "परत पहिल्यासारखी" वाली पायरी लोक हमखास खातात.

डोक्यात लक्षात ठेवणं

लक्षात राहत नाही. आपल्याला फक्त वैताग लक्षात राहतो. मी म्हणायचो "रोज साडेआठला जातं", म्हणून शेवटी एक वही केली आणि आठवडाभर मिनिटासकट वेळ लिहिली, तर कळलं रोज वगैरे काही नाही, सातपैकी पाचच दिवस, आणि त्यातल्या एका दिवशी तर साडेनऊला. त्या दिवशी आम्ही उशिरा जेवलो होतो. म्हणजे नेट घड्याळ बघून जात नव्हतं, जेवण बघून जात होतं. ही गोष्ट वहीशिवाय मला जन्मात कळली नसती.

लिहिताना ज्या दिवशी प्रॉब्लेम आला नाही तो दिवससुद्धा लिहा. डोकं दुखलं की लोक "काल जागरण झालं होतं" अशी नोंद करतात, पण जागरण होऊनही डोकं दुखलं नाही असे दिवस कुठेच लिहिलेले नसतात, मग जागरणच गुन्हेगार दिसणार ना.

आपलाच अंदाज बरोबर ठरवत बसणं

यावर मी जरा जास्त बोलणारे कारण मी यातच अडकलो होतो. माझी पक्की खात्री होती की रात्री आजूबाजूचे सगळे नेट वापरतात म्हणून लाइनवर लोड येतो. मग मी रोज रात्री स्पीड टेस्ट लावायचो, स्पीड पडलेला दिसायचा, आणि मी म्हणायचो बघा, सांगितलं होतं की नाही! पण अरे, स्पीड पडलेला दिसणारच, तोच तर प्रॉब्लेम होता. ती टेस्ट कितीही वेळा केली तरी माझा अंदाज चुकीचा ठरायची सोयच नव्हती.

पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक साधा खेळ मांडला होता. २-४-६ हे आकडे एका नियमात बसतात, तुम्ही अजून आकडे सुचवा, बसतात की नाही ते मी सांगतो, त्यावरून नियम ओळखा. लोक ८-१०-१२, २०-२२-२४ असं विचारत सुटायचे, प्रत्येक वेळी "बसतं" असं उत्तर यायचं आणि मग ठामपणे सांगायचे की नियम "दोन-दोनने वाढणारे आकडे". चूक. नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १-२-३ किंवा ५-१७-९० विचारलं असतं तर आपला नियम चुकतोय हे एका फटक्यात कळलं असतं, पण स्वतःचा अंदाज पडेल असा प्रश्न विचारायला हात धजत नाही.

यावर उपाय म्हणजे टेस्ट करायच्या आधीच लिहून ठेवा, की काय दिसलं तर मी माझा अंदाज सोडून देईन. आणि दोन संशयित असतील तर अशी टेस्ट शोधा जिथे दोघांचं उत्तर वेगळं येईल. जेवणाच्या वेळेला आमच्याकडे काय चालू असतं? मायक्रोवेव्ह. तो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायचा जुना बँड (लहरींचा पट्टा) २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे शेजारी-शेजारीच की. थोडं रेडिएशन बाहेर येतं, माणसाला त्रास होईल एवढं नसतं, पण वायफायचा आवाज दाबायला पुरतं. मग भर दुपारी, जेव्हा लोडचा प्रश्नच नाही, कपभर पाणी आत ठेवून मायक्रोवेव्ह एक मिनिट चालू, मग बंद, परत चालू, परत बंद, असं चार वेळा केलं. चारही वेळा चालू असताना स्पीड आपटला, बंद केल्यावर वर आला. लॅपटॉप वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर टाकला तर काहीच फरक नाही. आणि ते मधले दोन चांगले दिवस? तेव्हा शिळं काही गरम करायचं नव्हतं, बस.

आपोआप बरं होणाऱ्या गोष्टीचं श्रेय लाटणं

आपण उपाय कधी करतो? त्रास अगदी टोकाला गेल्यावर. आणि टोकाला गेलेल्या बऱ्याच गोष्टी तशाही खाली येतातच. साधी सर्दी बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांत जाते, आपण चौथ्या-पाचव्या दिवशी काहीतरी घेतो आणि मग आयुष्यभर त्याचं कौतुक सांगतो. पाठदुखीचं तेच, नव्या उशीचं तेच. म्हणून एकदा फरक पडला की थांबू नका, उपाय काढून बघा, त्रास परत येतो का, परत लावल्यावर जातो का. मायक्रोवेव्ह चार वेळा चालू-बंद केला तो यासाठीच.

वजनाचं तर विचारूच नका. खाणं-पाणी यामुळेच दिवसभरात किलो-दीड किलो इकडेतिकडे होऊ शकतं आणि लोक काल-आजची तुलना करून डाएट बदलतात. रोज सकाळी एकाच वेळी मोजा आणि आठवड्याच्या सरासरीकडे बघा.

साधं कारण तपासायचा कमीपणा वाटणं

प्लग नीट बसलाय का? केबल ढिली आहे का? हसू नका. २०११ मध्ये इटलीतल्या 'ऑपेरा' नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले, जगभर खळबळ, प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही म्हणणारा आइन्स्टाइन चुकला की काय इथपर्यंत चर्चा, आणि २०१२ मध्ये मुख्य कारण काय निघालं, तर एक फायबर ऑप्टिकची केबल नीट बसलेली नव्हती. तेव्हा आपण कोण टिकोजीराव. जे तपासायला एक मिनिट लागतं ते आधी, मग भारी थिअऱ्या.

संशयितांची रांग लांब असेल तर मधोमध कापा. राउटरला थेट केबलने लॅपटॉप जोडला आणि नेट नीट चाललं, की बाहेरची अख्खी लाइन संशयातून बाद. दर वेळी अर्धे बाद होत गेले तर १६ संशयितांतून चार टेस्टमध्ये एकच उरतो.

आणि हो, सगळ्यावर प्रयोग करू नका. चालू औषधाचा डोस, गाडीचा ब्रेक, विजेचा शॉक देणारं यंत्र, इथे "बंद करून बघू काय होतं" चालत नाही. गॅसचा वास आला तर कुठल्याही बटणाला हात न लावता बाहेर पडायचं आणि मदत बोलवायची, थिअरी नंतर.

आमच्या वहीचं पुढचं पान सध्या फोनच्या बॅटरीचं आहे. दुपारी तीनपर्यंत निम्मी होते. आठ दिवसांच्या नोंदी झाल्यात, दोन ॲपवर संशय आहे, पैकी एक काल काढलंय. दुसऱ्याला अजून हात लावलेला नाही, खूप मोह होतोय तरी.