डिस्नेच्या कॅम्पग्राउंडवर मोटरहोमचा मुक्काम: पुण्याच्या कुटुंबांसाठी तयारी

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली पुण्यातली अनेक कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे जातात, आणि बरोबर नातवंडे असली की फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड कार्यक्रमात असतेच. आजी-आजोबा, दोन भावंडांचे संसार आणि मुले अशी आठ-नऊ माणसे एकत्र निघाली की हॉटेलच्या तीन खोल्यांत विखुरली जातात आणि एकत्र गेलेले कुटुंब फक्त रांगेतच एकत्र दिसते. अशा कुटुंबांनी डिस्नेच्याच आवारातील फोर्ट विल्डरनेस या कॅम्पग्राउंडचा विचार अवश्य करावा. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला हे कॅम्पग्राउंड सुरू झाले. बे लेक या तळ्याच्या काठी सुमारे ७५० एकरांच्या पाइनच्या रानात ते पसरलेले आहे. तेथे तंबूसाठी आणि मोटरहोमसाठी, म्हणजे आत पलंग, ओटा आणि न्हाणीघर असलेल्या चाकांवरच्या घरासाठी, आखून दिलेल्या जागा आहेत, केबिनही आहेत, आणि एका जागेवर दहा माणसांपर्यंत राहण्याची मुभा आहे.

या मुक्कामाचे सारे नियोजन एका निर्णयाभोवती बांधावे, असे माझे मत आहे: मोटरहोम एकदा जागेवर लावले की परतीच्या दिवसापर्यंत ते हलवायचे नाही. भाड्याने घेतलेली गाडी फिरवली नाही तर पैसे वाया गेले, असे आपल्याला वाटते. मग ऑर्लँडोबरोबर फ्लोरिडातली मायामी आणि की वेस्ट ही ठिकाणेही त्याच आठवड्यात बसवली जातात. परंतु गाडी हलवायची म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी यांच्या जोडण्या सोडवायच्या, आतली प्रत्येक वस्तू कपाटात बंद करायची आणि संध्याकाळी पुन्हा सगळे मांडायचे. बहुतेक कंपन्या मैलांप्रमाणेही आकार लावतात, त्यामुळे गाडी उभी ठेवण्यात पैशाचीही बचतच आहे. फोर्ट विल्डरनेसमधून डिस्नेच्या मॅजिक किंगडम या मनोरंजन उद्यानाला थेट बोट जाते आणि एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज व ॲनिमल किंगडम या इतर तीन उद्यानांना डिस्नेच्या बस जातात, म्हणून तेथे राहून गाडी हलवण्याचे कारणच उरत नाही.

काळ निवडताना पुण्यातील शाळांचे वेळापत्रक आपल्या बाजूचे आहे. आपल्याकडे मे महिना पूर्ण सुट्टीचा असतो, तर अमेरिकेतील बहुतेक शाळा मेच्या अखेरपर्यंत चालू असतात. ईस्टरची गर्दी ओसरल्यानंतर आणि मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेच्या जोड सुट्टीआधी, म्हणजे मेचे पहिले दोन-तीन आठवडे, हा काळ उत्तम. जूनपासून दुपारची वादळे रोजची होतात. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. दिवाळीच्या सुट्टीत हवा अधिक सुखद असते, आणि त्याच सुमारास हॅलोविन असल्यामुळे तिथली कुटुंबे आपापल्या गाड्या आणि जागा दिव्यांनी सजवतात. त्या रांगांमध्ये आपला आकाशकंदील लावला तर शेजारचे लोक आपणहून चौकशीला येतात. मात्र त्या दिवसांतील जागा फार आधीपासून भरतात, त्यामुळे व्हिसा हातात असेल तर वर्षभर आधी आरक्षण करावे.

जागेचा प्रकार निवडताना तिच्या नावापेक्षा जोडण्या पाहाव्यात. तंबूसाठीच्या स्वस्त जागेवर पाणी आणि वीज मिळते, परंतु सांडपाण्याची जोडणी नसते. मोटरहोमसाठी फुल हूकअप, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेली जागाच घ्यावी. त्यावरच्या प्रेफर्ड जागा बोटीच्या धक्क्याच्या बाजूला आहेत, आणि प्रीमियम जागा मोठ्या गाड्यांसाठी अधिक लांब आहेत. बरोबर गुडघेदुखी असलेले आजोबा असतील तर प्रेफर्डचे जादा पैसे सत्कारणी लागतात. मुक्कामाच्या भाड्यात उद्यानांची तिकिटे येत नाहीत; ती तारखेनुसार वेगळी घ्यावी लागतात, तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी वेगळा दर असतो.

आता गाडीविषयी. भाड्याने मिळणाऱ्या मोटरहोमचे साधारण तीन वर्ग आहेत. ए वर्ग म्हणजे बसएवढी मोठी गाडी, बी वर्ग म्हणजे आतून घर केलेली व्हॅन, आणि सी वर्ग म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेले घर. कुटुंबासाठी सी वर्गाचे पंचवीस ते तीस फुटांचे मोटरहोम योग्य. जाहिरातीत ‘सात जणांसाठी’ लिहिलेले असले तरी त्यातले दोन पलंग जेवणाचे टेबल आणि सोफा उलगडून करायचे असतात, म्हणजे शेवटचा माणूस झोपायला तयार होईपर्यंत कुणालाच झोपता येत नाही आणि पहाटे उठणाऱ्या आजीला चहा करायला जागा राहत नाही. पाच-सहा माणसे गाडीत आणि उरलेली त्याच जागेवर तंबूत, ही विभागणी सर्वांना सुखाची होते. तंबूही तिथे चालेल का, हे मात्र आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे.

गाडीचा अंदाज पुण्यातच घेता येतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने पंचवीस फूट लांब आणि आठ फूट रुंद चौकोन आखावा, त्यातून चालकाच्या बाजूचे सहा-सात फूट वजा करावेत, आणि उरलेल्या जागेत स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, टेबल व पलंग मांडून सर्वांना एकदा उभे करावे. किती बॅगा न्यायच्या, याचा वाद तिथेच मिटतो. कडक मोठ्या बॅगा गाडीत कुठेच बसत नाहीत, मऊ आणि घडी होणाऱ्या बॅगा खालच्या कप्प्यात सरकवता येतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून आपल्याकडेही अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. जमले तर कोकणात किंवा महाबळेश्वरकडे एक रात्र काढून यावे. पवना धरणाकाठच्या तंबूत एक रात्र राहिल्यानेही मुलांना टॉर्च, डास आणि सामायिक स्वच्छतागृह यांची सवय होते.

गाडी शक्यतो तिकडे राहणाऱ्या मुलाने किंवा सुनेने चालवावी. पुण्याहून जाणारा कुणी चालवणार असेल तर त्याने मूळ परवान्यासोबत संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. तो एक वर्ष चालतो. रस्त्याच्या उजव्या बाजूने जाणे अर्ध्या दिवसात अंगवळणी पडते, खरी अडचण लांबीची आणि उंचीची असते. मागच्या चाकांपलीकडे गाडीचा बराच भाग असतो आणि वळताना तो उलट्या दिशेला झुकतो. पेट्रोल पंपाचे छप्पर, झाडाच्या फांद्या आणि गाडीत बसूनच खाणे घेण्याच्या खाद्यगृहांच्या खिडक्या यांपासून सावध राहावे, कारण गाडीच्या वरच्या बाजूचे नुकसान अनेकदा विम्यात धरलेले नसते. कॅम्पग्राउंडवर गाडी मागे घेत झाडांमधल्या जागेत लावायची असते. त्या वेळी एकाच माणसाने मागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणावे आणि इतरांनी मुलांना घेऊन दूर बसावे; चार जणांनी चार सूचना दिल्या की गाडी झाडाला लागते.

जागेवर पोचल्यावर प्रथम गाडी समपातळीत आणावी, कारण तिरक्या गाडीत फ्रिज नीट चालत नाही आणि झोपही लागत नाही. मग वीज जोडावी. बहुतेक सी वर्गाच्या गाड्यांना ३० अँपिअरची जोडणी असते. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असल्यामुळे एकूण ३,६०० वॅट मिळतात. वातानुकूलन यंत्र साधारण दीड हजार वॅट घेते, मायक्रोवेव्ह हजार-दीड हजार आणि विजेची किटली तेवढेच. ही तिन्ही एकदम चालवली की ब्रेकर पडतो. चहा गॅसवर करावा, एवढी एक शिस्त पाळली की हा प्रश्न सुटतो. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे उपयोगाचा नाही; चटण्या कोरड्या करून न्याव्यात. मोबाइलच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेले असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर पुरतो.

सांडपाण्याच्या कामाला पुष्कळ लोक घाबरतात, पण ते समजून घेतले तर पंधरा मिनिटांचे आहे. गाडीखाली दोन टाक्या असतात: संडासाची काळी आणि आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची करडी. जाड पाइप जोडलेला असला तरी काळ्या टाकीची झडप उघडी ठेवू नये. ती उघडी राहिली तर पाणी निघून जाते आणि घट्ट मळ तळाशी साचून वाळतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की हातमोजे घालून आधी काळीची झडप उघडावी, ती रिकामी झाल्यावर बंद करून करडीची उघडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइपही धुऊन निघतो. आपण पाण्याचा मग वापरतो ते या टाकीच्या दृष्टीने चांगलेच आहे, फक्त ती लवकर भरते, म्हणून टाकी किती भरली हे दाखवणारा दिव्यांचा दर्शक रोज पाहावा. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी असते, ती सांडपाण्याच्या सामानाजवळ कधीही ठेवू नये. हे काम एकट्या जावयावर न टाकता दोघांना शिकवून ठेवावे.

गरम पाण्याची टाकी बहुधा सहा गॅलनची, म्हणजे सुमारे तेवीस लिटरची असते. एवढ्यात दोन माणसांची आटोपशीर आंघोळ होते, नंतर थांबावे लागते. सकाळी सर्वांना उद्यानात जायचे असेल तर अर्ध्या माणसांनी रात्री आंघोळ करावी, किंवा कॅम्पग्राउंडवर ठिकठिकाणी असलेल्या सामायिक स्नानगृहांत जावे. ती स्वच्छ असतात आणि तिथेच कपडे धुण्याची यंत्रेही आहेत.

स्वयंपाक हे या मुक्कामाचे मोठे सुख आहे. उद्यानात दुपारचे जेवण घेऊन संध्याकाळी गरम वरणभात मिळाला की थकलेली मुले शांत होतात. तीन लिटरचा कुकर गाडीतल्या गॅसवर व्यवस्थित चालतो. फोडणी मात्र आत देऊ नये: जागा लहान, छप्पर ठेंगणे, आणि धुराचा इशारा देणारे यंत्र डोक्यावरच बसवलेले असते, त्यामुळे मोहरी तडतडली की त्याचा कर्कश आवाज सुरू होतो. ते यंत्र बंद करण्याचा मोह कुणीही करू नये. छताची खिडकी आणि पंखा चालू ठेवावा, किंवा बाहेर लाकडी टेबलाजवळ छोट्या शेगडीवर फोडणी द्यावी. प्रत्येक जागेवर टेबल आणि कोळशाची जाळीही असते, तिच्यावर मक्याची कणसे आणि भरताची वांगी छान भाजता येतात. पुण्याहून मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, पोह्यांचा चिवडा न्यावा. ताजी फळे, भाज्या आणि मांसाहारी पदार्थ नेऊ नयेत, आणि नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावा. तांदूळ, डाळी, दही ऑर्लँडोत सहज मिळतात. गाडी कॅम्पग्राउंडवर नेण्याआधीच सगळी खरेदी उरकावी.

कॅम्पग्राउंडच्या आत आपली गाडी फक्त जागेपर्यंत नेता येते. आत फिरायला बस, सायकल किंवा भाड्याची गोल्फ कार्ट. ज्येष्ठ बरोबर असतील तर जागेच्या आरक्षणानंतर लगेच गोल्फ कार्टही राखून ठेवावी, कारण त्या संपतात.

पाच दिवसांच्या मुक्कामात तीन दिवस उद्यानांना आणि दोन दिवस कॅम्पग्राउंडला द्यावेत. पाचही दिवस उद्यानांना दिले तर कॅम्पग्राउंडचे भाडे केवळ झोपण्यासाठी भरल्यासारखे होते. एका दिवशी सकाळी पोहण्याचा तलाव आणि घोड्यांचा तबेला, दुपारी विश्रांती, संध्याकाळी शेकोटीभोवतीचा गाण्यांचा कार्यक्रम आणि मोकळ्या मैदानातला चित्रपट, असा क्रम ठेवता येतो. पायोनियर हॉलमध्ये १९७४ पासून चालू असलेला हूप-डी-डू हा जेवणासह संगीताचा कार्यक्रम पाहायचा असेल तर तो आधी राखावा आणि शाकाहारी असल्याचे त्याच वेळी कळवावे. उद्यानाच्या दिवशी मुक्कामी पाहुण्यांना अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, तो घ्यावा आणि भर दुपारी परत यावे. विजा चमकू लागल्या की बोटी थांबतात व त्याऐवजी बस सोडल्या जातात. बाहेर जाताना गाडीच्या बाजूला उलगडलेले कापडी छतही गुंडाळून ठेवावे, वादळी वाऱ्यात त्याची कांब वाकते. तळ्यात कुणीही उतरू नये. फ्लोरिडाच्या गोड्या पाण्यात मगरी असतात, आणि मुलांना काठापासून दूर ठेवण्याची जबाबदारी रोज एका मोठ्या माणसाकडे नावानिशी द्यावी.

निघण्याच्या सकाळी जागा अकरापर्यंत सोडायची असते, म्हणून आवराआवर आदल्या रात्री सुरू करावी. दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, पाण्याची नळी सोडावी, विजेच्या खांबावरचा ब्रेकर आधी बंद करून मगच केबल काढावी, भिंतीबाहेर सरकवलेला भाग असेल तर तो आत घ्यावा आणि कपाटांच्या कड्या लावून गाडीभोवती एक फेरी मारावी. पंपावर पेट्रोल भरण्यापूर्वी गॅसची मुख्य झडप बंद करावी. परत करताना मैलांचा आकडा, जनरेटरच्या तासांचा आकडा आणि चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. गाडी ताब्यात घेताना काढलेल्या छायाचित्रांशी ती पडताळून पाहता येतात आणि अनामत रकमेचा हिशेब तिथल्या तिथे पूर्ण करता येतो.