रात्री सर्व्हर पडला, सकाळी लॉग गायब: जर्नलला वठणीवर आणायची रीत

डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) बसवलं, जुन्या सवयीने /व्हार/लॉग/सिसलॉग बघायला गेलात आणि फाइलच नाही. घाबरू नका. २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून आरसिसलॉग, म्हणजे संदेश साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिणारी सेवा, आपोआप बसत नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने ते २०१३ मध्येच, विसाव्या आवृत्तीत बंद केलं होतं. सगळे संदेश आता सिस्टमडीच्या (सगळ्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) जर्नलमध्ये, बायनरी फाइलींत जातात. तिथे मजकूर शोधणारी ग्रेप आज्ञा थेट लावून उपयोग नाही, म्हणून लोक चिडतात. मीही चिडलो होतो. पण 'सिस्टमडीच उपटून टाका' असं सांगणाऱ्याच्या गळ्यात दुसऱ्यांचे सर्व्हर पडलेले नसतात, एवढं लक्षात ठेवा.

(आज्ञा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना रोमनच.)

आधी स्वतःला 'सिस्टमडी-जर्नल' या ग्रुपमध्ये घाला आणि पुन्हा लॉगिन करा. नाहीतर फक्त तुमचेच संदेश दिसतील आणि लॉग रिकामा आहे असं वाटत राहील.

आता खरी मेख: जर्नल साठतो कुठे?

डेबियन १२ सारख्या आवृत्त्यांत मूळ सेटिंग असतं 'स्टोरेज=ऑटो'. म्हणजे /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर असेल तर डिस्कवर, नसेल तर /रन/लॉग/जर्नलमध्ये, म्हणजे रॅममध्ये. मशीन बंद झालं की सगळं पुसलं. डेबियनमध्ये हल्ली हे फोल्डर तयार मिळतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ आणि ९ मध्ये मिळत नाही. तिथे आरसिसलॉग /व्हार/लॉग/मेसेजेसमध्ये लिहीत असतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मी कुठल्याशा लेखातला 'दोन-दोन लॉग कशाला?' हा सल्ला ऐकून आरसिसलॉग काढून टाकला. पंधरा दिवसांनी मध्यरात्री सर्व्हर आपोआप रीबूट झाला. सकाळी 'जर्नलसीटीएल -बी -१' (जर्नल वाचायची आज्ञा, मागच्या बूटसाठी) मारलं तर मागच्या बूटचं एक अक्षर नाही. मालक समोर उभा, विचारतोय काय झालं, आणि मी चहा ढवळतोय.

तेव्हा अंदाजावर सोडू नका. /ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ.डी हे फोल्डर करा आणि त्यात एक फाइल. नाव काहीही चालेल, शेवट मात्र '.कॉन्फ' असाच हवा. पहिल्या ओळीत चौकटी कंसात 'जर्नल', दुसऱ्या ओळीत 'स्टोरेज=पर्सिस्टंट'. तो कंसातला मथळा विसरलात तर खालची ओळ सरळ दुर्लक्षित होते. सेवा मात्र निमूट चालू राहते, स्क्रीनवर एरर नाही की काही नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. मग 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-जर्नलडी', आणि त्यानंतर 'जर्नलसीटीएल --फ्लश', म्हणजे रॅममधलं डिस्कवर जाईल.

एवढ्यावर 'झालं' म्हणू नका. मशीन एकदा स्वतः रीबूट करा आणि 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' बघा. किमान दोन बूट दिसले तरच झालं. एकच दिसला तर कंसातला मथळा आणि फाइलीचं नाव पुन्हा तपासा.

आणखी एक खोच. साधे संदेश जर्नलडी (जर्नल लिहिणारी सेवा) डिस्कवर पक्के करतो ते ५ मिनिटांनी. फक्त 'क्रिटिकल' आणि त्याहून गंभीर ते तत्काळ. वीज गेली की शेवटची काही मिनिटं, म्हणजे नेमकी तुम्हाला हवी असलेली, जाऊ शकतात. यूपीएसवर भरवसा नसेल तर त्याच फाइलीत 'सिंकइंटरव्हलसेक=३०एस' टाका. डिस्कवर थोडा भार वाढेल, वाढू दे.

जागा: जर्नल फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबी घेतो. छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) 'सिस्टममॅक्सयूज=५००एम' पुरे. साफ करायचं तर आधी 'जर्नलसीटीएल --रोटेट' (चालू फाइल बंद करून नवी उघडतो), मगच '--व्हॅक्यूम-साइझ=५००एम', कारण व्हॅक्यूम चालू फाइलीला हात लावत नाही. आरएम मारून फाइली उडवायच्या नाहीत.

वाचायला 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई'. हा मागच्या बूटचा थेट शेवट दाखवतो. तिथे सेवा एकेक करून थांबल्याच्या ओळी असतील तर कुणीतरी आज्ञा देऊन रीबूट केलंय. लॉग मध्येच तुटला असेल तर वीज, हार्डवेअर किंवा कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभाच कोसळणं). एका सेवेसाठी '-यू' आणि तिचं नाव, फक्त चुकांसाठी '-पी ईआरआर'. उजवीकडे ओळ कापलेली दिसते, ती हरवलेली नसते; उजवा बाण दाबा किंवा '--नो-पेजर' लावा. हे आधी माहीत असतं तर मी दोन जणांशी भांडलो नसतो. '--नो-पेजर'चा निकाल पाइपने ग्रेपला दिला की जुनी सवयही सुखावते.

आणि आरसिसलॉग? माझ्याकडे तो प्रत्येक सर्व्हरवर आहे. डेबियनवर 'एपीटी इन्स्टॉल आरसिसलॉग' म्हटलं की /व्हार/लॉग/सिसलॉग पुन्हा हजर. जर्नलची एखादी फाइल खराब झाली तर नावाच्या शेवटी '~' लागून ती बाजूला पडते. साधी मजकुराची फाइल अर्धवट तुटली तरी बाकीची वाचता येते. दोन-दोन लॉग कशाला, असं कुणी विचारलं तर मी त्या चहाची गोष्ट सांगतो.