पहिली एअर रायफल घेताय? स्कोपवर पैसे घालण्याआधी या चुका टाळा

1 ऑगस्ट 2024 ला नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं आणि त्या आठवड्यापासून माझा फोन वाजायचा थांबेना. प्रश्न एकच: "दादा, कमी बजेटमध्ये पहिली रायफल कुठली घेऊ आणि त्यावर स्कोप कुठला लावू?" पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर नव्या मुलांना उभं राहायला शिकवायला मी मदत करतो. विचारणाऱ्यांतले बरेच जण अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीचे व्हिडिओ बघून आलेले असतात. .308 काडतुसाची शिकारी रायफल, तिच्यावर 3 ते 9 पट मोठं दाखवणारा दुर्बिणीसारखा स्कोप (3-9x40), शंभर यार्डांवरचं हरीण. तिथल्या माणसाला तो सल्ला बरोबर आहे. पुण्यातल्या माणसानं तो तसाच उचलला तर पैसे वाया जातातच, शिवाय गुन्हाही दाखल होऊ शकतो.

शिकारीचा विषय इथेच संपवतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार बंद आहे. मामाचं शेत मुळशीत असो की सुप्याला, जमीन स्वतःची आहे म्हणून सूट मिळत नाही. जनावरं पीक खात असतील तर वनखात्याकडे तक्रार करा, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा. एअरगननं पोपट पाडणं हाही गुन्हाच आहे, आणि मुलाच्या हातात रायफल देण्याआधी हे त्याला सांगायची जबाबदारी आपली आहे.

मग पुण्यात पहिली रायफल म्हणजे काय? 4.5 मि.मी. ची, म्हणजे .177 इंचाची, हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल. नळीचं भोक 4.5 मि.मी. पेक्षा मोठं नसेल आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. "जरा जोरदार असू दे" म्हणून .22 ची एअरगन मागवणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक. तिला परवाना लागतो, आणि 10 मीटरच्या स्पर्धेत ती चालत नाही. स्वप्नीलची रायफलही .22 चीच आहे, पण ती काडतुसाची, परवान्याची. तिथपर्यंतचा रस्ता एअर रायफलवरूनच जातो.

आता स्कोप. गेल्या पावसाळ्यात एक वडील तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. शहरातल्या एका दुकानदारानं स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबणारी रायफल आणि वर चकचकीत स्कोप गळ्यात मारला होता. मुलगा लेनवर उभा राहिला तेव्हा मी त्याची हनुवटी बघत होतो. स्कोप इतका उंच बसवलेला की गाल बटाला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाला, टेकतच नव्हता. मान ताणून, डोळा मागेपुढे करत तो भिंगातली काळी सावली घालवायला धडपडत होता. "काय दिसतंय रे?" विचारलं तर म्हणाला, "धुकं."

कारण साधं आहे. शिकारीच्या रायफलचे साधे स्कोप शंभर यार्डांच्या आसपास स्पष्ट दिसावं असे बनवलेले असतात. 10 मीटरवर चित्र फुटतं, आणि डोळा किंचित हलला तरी स्कोपमधली फुली टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसते. शिवाय स्कोपचा मध्य नळीपासून चारेक सेंटीमीटर वर असतो, त्यामुळे जवळच्या अंतरावर पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) खालीच लागतं. स्कोपच्या चाकाचा शंभर यार्डांवर पाव इंच सरकवणारा एक क्लिक 10 मीटरवर जेमतेम 0.7 मि.मी. सरकवतो. टार्गेटवरचं भोक वर आणायला साठ-ऐंशी क्लिक फिरवत बसावं लागतं. त्यात स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. एकाच दिशेच्या झटक्यासाठी बनलेला स्वस्त स्कोप त्यानं काही महिन्यांत आतून ढिला होतो.

आणि मुख्य म्हणजे, ज्या खेळासाठी हे सगळं चाललंय त्यात स्कोपला परवानगीच नाही! 10 मीटर काय, 50 मीटर काय, आंतरराष्ट्रीय रायफल नेमबाजीत पीप साइटच, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट, वापरतात. 50 मीटरवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मि.मी. चं असतं, आणि स्वप्नील ते मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाशिवाय टिपतो.

त्या मुलाचा स्कोप आम्ही उतरवला, रेंजवरची जुनी पीप साइट चढवली. बट लांब होता, म्हणून खांद्याकडचं पॅड काढलं. गाल टेकला तसा त्याचा श्वासही खाली बसला. पाच पेलेट झाडली, पाचही टार्गेटच्या काळ्या गोलात.

म्हणून रायफल घेताना आधी बट बघा. बट खांद्यात धरून गाल टेकवा, डोळे मिटा, उघडा. साइट आपोआप डोळ्यासमोर आली तर रायफल तुमची. मान वाकवावी लागली तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. स्पर्धेत एअर रायफलच्या वजनाची मर्यादा 5.5 किलो आहे, पण वाढत्या वयाच्या मुलाला त्याहून बरीच हलकी हवी. स्पर्धेची परदेशी रायफल (मॅच रायफल) फार महाग असते. ती पहिल्या वर्षी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन-चार महिने क्लबच्या रायफलवर काढा, मग भारतीय बनावटीची घ्या. वाचलेले पैसे जॅकेट, पेलेट आणि लेनच्या फीसाठी ठेवा.

रायफल घेतली, पण भोकं पसरतायत? साइटला लगेच हात लावू नका. आधी स्टॉकचे, म्हणजे रायफल ज्यात बसवलेली असते त्या दांड्याचे, स्क्रू तपासा, स्प्रिंगच्या रायफलीत ते सैल होतातच. मग पेलेट बदलून बघा. सपाट डोक्याचीच घ्या, ती कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. एकाच बनावटीत 4.49, 4.50, 4.51 अशी मापं मिळतात आणि प्रत्येक नळीला त्यातलं एखादंच मानवतं. प्रत्येकाची पाच-पाच झाडा आणि ते कागद जपून ठेवा.

भोकं एकत्र पण बाजूला पडत असतील तरच साइट फिरवा. मागची साइट जिकडे सरकवाल तिकडेच भोकं सरकतात. पुढच्या साइटची रिंग फार लहान घेऊ नका. काळ्या गोलाभोवती पांढरी कड नीट दिसली पाहिजे, नाहीतर डोळा थकतो आणि हात ट्रिगर दाबायला घाबरतो. रायफल एका बाजूला कलते का, हे मागे उभं राहून दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. स्वतःला ते कळत नाही.

स्प्रिंगची रायफल पेलेट न घालता कधीही झाडू नका. आत हवेची गादी नसली की पिस्टन थेट आदळतो आणि सील फाटतं. आणि पेलेट शिशाची असतात, तेव्हा रेंजवरून उठलात की जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणानं हात धुवा. मुलांना तर दर वेळी आठवण करावी लागते.