रोग कोंबडीत नव्हता, खुराड्यात होता

मुंगसाने तांबड्या कोंबडीच्या पाठीचं कातडं फाडलं. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, भोवतालची पिसं कापली, हळद-खोबरेल लावून तिला डालग्याखाली वेगळं कोंडलं. रक्त दिसलं की बाकीच्या टोचून जीव घेतात. 15 दिवसांत खपली धरली.

पण तुरा पांढुरकाच, म्हणजे अंगात रक्त कमी! दिवसा पिसं चाळली, काही नाही. रात्री बॅटरी घेऊन गेलो, तर बसायच्या बांबूच्या फटीत रक्त पिऊन लाल झालेले, मोहरीहून बारीक किडे. कोंबड्या बाहेर काढून फटींवर उकळतं पाणी ओतलं, आतून चुना मारला, अंगणात कोंबड्यांना लोळायला राखेचा खड्डा केला. या किड्यांची नवी पिढी आठवड्यात तयार होते, म्हणून 7 दिवसांनी पुन्हा तेच. पहिल्या खेपेला हे दुसऱ्यांदा करायचा आळस केला होता, सगळे किडे परत आले.