इंग्रजी आडनावाचा माग कसा काढावा: ‘लिंकन’ या नावाच्या आधाराने

इंग्रजी आडनावाचा शोध बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. कोशात नावाचा अर्थ पाहतात, त्या अर्थाला जुळणारे गाव नकाशावर शोधतात आणि तेथून थेट आपल्या ओळखीच्या कुटुंबापर्यंत रेघ ओढून मोकळे होतात. मुंबई-पुण्यातील अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी आणि परदेशी सोयरिकी झालेल्या मराठी घरांसाठी मी हे काम अनेक वर्षे करत आले आहे, आणि अशी उलटी ओढलेली रेघ तपासणीत टिकलेली मी एकदाही पाहिलेली नाही. माग माणसांचा काढायचा असतो, तोही आजपासून मागे आणि एकेक पिढी करत. उदाहरणासाठी मी ‘लिंकन’ हे आडनाव घेते, कारण त्याची कागदपत्रे चांगली अभ्यासली गेली आहेत आणि या कामातील जवळजवळ सगळे खड्डे त्यात भेटतात.

आडनावाचे मानचिन्ह म्हणून विकली जाणारी रंगीत ढाल विकत घेऊ नये. इंग्लंडमध्ये मानचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळते. १४८४ मध्ये सनद मिळालेली, मानचिन्हे देणारी ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था आजही आडनावाला मानचिन्ह देत नाही.

सोपा भाग

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, त्यामुळे तिथपर्यंत मागे जाणे हे चिकाटीचे काम आहे, कठीण नव्हे. जनगणनेच्या कागदांपैकी १८५१ चा कागद आधी काढावा, कारण त्यात जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, दिलेली असते. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील माणसांची वये साधारणतः पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि जन्म त्याच परगण्यात झाला की नाही एवढेच सांगितले आहे. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. पूर्वज ब्रिटिश लष्करात असेल, तर त्याच्या सेवामुक्तीचा कागद लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावा, कारण त्यावर बहुधा जन्माची पॅरिश लिहिलेली असते.

१८३७ च्या मागे पॅरिशच्या नोंदवह्या लागतात. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ मधील आदेशाने त्या सुरू झाल्या. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात वडिलांचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण मिळते. त्याआधी अनेकदा नाव आणि तारीख यांपलीकडे काहीही नसते. कठीण भाग तेथे सुरू होतो.

एकाच नावाची अनेक माणसे

आधी शुद्धलेखनाचा हट्ट सोडावा. ८ एप्रिल १६३७ रोजी पूर्व इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातून न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील इंग्रजी वसाहतींत, जाण्याची परवानगी मागणाऱ्यांमध्ये नॉर्विचचा एक विणकर आहे, आणि त्याच्या नोकरांमध्ये ‘सॅम्युएल लिंकॉर्न, वय १८’ अशी नोंद आहे. हाच सॅम्युएल लिंकन, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन याचा इंग्लंडहून आलेला पूर्वज. त्याचा बाप्तिस्मा नॉरफोकमधील हिंगम येथे १६२२ मध्ये झाला असल्यामुळे नोंदीतले वयही जुळत नाही. पुढे १७८० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आजोबांनी केंटकीत जमीन घेतली, तेव्हा कागदावर ‘लिंकहॉर्न’ असे लिहिले गेले. कारकून कानाला ऐकू आले ते लिहीत असे, म्हणून नाव मोठ्याने उच्चारून पाहावे आणि जेवढी रूपे सुचतील तेवढी सर्व शोधावीत. एका अक्षराच्या फरकामुळे ‘हे आपले नव्हेत’ असे म्हणणाऱ्याने हे काम हाती घेऊ नये.

दुसरी अडचण कालगणनेची आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्षाचा आरंभ २५ मार्चला होत असे, त्यामुळे जुन्या वहीत फेब्रुवारी १६४० हा नोव्हेंबर १६४० च्या नंतर येतो. हे लक्षात न घेतल्यास लग्नाआधीच मूल जन्मल्यासारखे दिसते आणि एक खरे कुटुंब उगाच बाद होते.

यांहून फार मोठी अडचण म्हणजे एकाच पॅरिशमध्ये, एकाच काळात, एकाच नावाची तीन-चार माणसे असणे. मॅसॅच्युसेट्समधील हिंगम या वसाहतीत टॉमस लिंकन नावाचे चार पुरुष एकाच वेळी होते आणि गावाने त्यांना धंद्यावरून वेगळे केले होते: चक्कीवाला, पिंपे बनवणारा, शेतकरी आणि विणकर. यांपैकी विणकर हा सॅम्युएलचा भाऊ. धंदा न पाहता ‘टॉमस लिंकन’ म्हणून पहिला सापडलेला माणूस उचलणाऱ्याची वंशावळ चारांत तीन वेळा चुकेल.

या ठिकाणी मी स्वतः फसले आहे. मुंबई इलाख्यात वारलेल्या एका सैनिकासाठी मी नॉरफोकमधील एका पॅरिशची बाप्तिस्म्याची नोंद जुळवली. नाव, वर्ष आणि वडिलांचे नाव ही तिन्ही बरोबर जुळत होती, म्हणून मी तेथून आणखी सात पिढ्या मागे गेले आणि वंशावळ त्या कुटुंबाच्या हाती दिली. त्यांनी ती चौकट करून दिवाणखान्यात लावली. काही महिन्यांनी वेगळ्या कामासाठी त्याच वहीची दफनाची पाने चाळताना तेच मूल अकरा आठवड्यांचे असताना पुरल्याची नोंद मला दिसली. खरा माणूस शेजारच्या पॅरिशमधला, त्याच्याच नावाचा दुसरा मुलगा होता. त्या घरी जाऊन, भिंतीवरची सात पिढ्यांची माणसे तुमची नाहीत, हे सांगणे मला अजूनही आठवते.

तेव्हापासून मी एक नियम मोडलेला नाही. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली की तिच्या पुढची पन्नास-साठ वर्षांची दफनाची पाने आधी वाचायची, आणि ते मूल जगले असावे असे दिसल्यावरच पुढे जायचे. त्यानंतर त्या आडनावाची त्या पॅरिशमधील आणि तिला लागून असलेल्या पॅरिशींमधील सगळी माणसे कागदावर मांडायची, ती आपल्या उपयोगाची असोत वा नसोत, आणि प्रत्येकाला आईवडील, जोडीदार, धंदा आणि शेवट मिळतो का ते पाहायचे. आपला माणूस उरलेल्या एकाच जागी बसत असेल, तरच तो आपला. आपल्याकडे ज्यांनी कुलवृत्तान्ताचे काम केले आहे त्यांना हे कष्ट माहीत आहेत. संगणकाने सुचवलेली जुळणी किंवा दुसऱ्या कोणाच्या झाडावरून उतरवलेली फांदी हा पुरावा नाही, मग ती शंभर झाडांवर का असेना. बहुतेक वेळा ती एकाच चुकीची शंभर प्रतींची नक्कल असते.

पाळण्यातल्या नावांचे महत्त्वही जोखून घ्यावे. १८५९ मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात अब्राहम लिंकनने सांगितले आहे की आपल्या घराण्याला न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी जोडण्याच्या प्रयत्नातून इनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन अशा नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागले नाही. त्याची अडचण समजण्यासारखी आहे: आजोबा १७८६ मध्ये मारले गेले तेव्हा वडील टॉमस आठ वर्षांचे होते, आणि घरातली आठवण तेथेच तुटली. तो दुवा पुढे खरा ठरला, पण नावांचे साम्य पुरेसे नाही हे त्याचे म्हणणेही तितकेच बरोबर होते. टॉमस किंवा जॉन ही नावे सारखी असणे निरर्थक आहे; मॉर्डेकायसारखे विरळ नाव पिढ्यान्पिढ्या येत असेल, तर ते कोठे शोधावे हे सांगते. सिद्ध करण्याचे काम जमिनीच्या आणि मृत्युपत्राच्या कागदांनी होते. याच घराण्यातल्या, पेनसिल्व्हेनियात १७३६ मध्ये वारलेल्या मॉर्डेकायने मृत्युपत्राने मुलगा जॉन याला न्यू जर्सीतील जमीन दिली. अशी जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे पाहावे, आपल्याकडे फेरफार वाचतात तसे. कुटुंब दुसऱ्या प्रांतात गेले, तरी मागे राहिलेली जमीन त्याला जुन्या गावाशी बांधून ठेवते.

वाट आणि कारण

व्यक्ती पक्क्या झाल्या की स्थलांतराची वाट आपोआप दिसते. सॅम्युएलचा वंश मॅसॅच्युसेट्समधून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियातील बर्क्स परगणा, व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम परगणा आणि केंटकी असा सरकत गेला, आणि अब्राहमचे वडील टॉमस कुटुंबासह १८१६ मध्ये इंडियानात, १८३० मध्ये इलिनॉयमध्ये पोहोचले. प्रत्येक मुक्कामाला कारण शोधावे, कारण ते कळले की पुढचा कागद कोठे असेल हेही कळते. केंटकी सोडण्याचे मुख्य कारण जमिनीच्या मालकीहक्कांचे घोळ आणि काही अंशी गुलामगिरी, असे लिंकनने स्वतः नोंदवले आहे. इंग्लंड सोडण्यामागे त्या काळी नॉर्विचचे बिशप मॅथ्यू रेन यांनी प्युरिटनांवर, म्हणजे चर्चमध्ये आणखी सुधारणा मागणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांवर, आणलेला दबाव होता. नॉरफोकमधील हिंगमचे धर्मगुरू रॉबर्ट पेक हेही १६३८ मध्ये समुद्र ओलांडून गेले. शिवाय सॅम्युएलचे वडील एडवर्ड थोरले असूनही आजोबा रिचर्ड यांच्या मालमत्तेपासून वंचित राहिले, कारण ती पुढच्या लग्नाच्या मुलांकडे गेली. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत, हे लक्षात ठेवून शोधावे.

इंग्लंडच्या आतल्या स्थलांतरासाठी १६६२ च्या वास्तव्य कायद्याखालचे (सेटलमेंट ॲक्ट) कागद पाहावेत. गरीब माणूस नव्या पॅरिशवर भार होईल अशी शंका आली, की त्याचा जबाब घेऊन त्याला मूळ पॅरिशकडे धाडत, आणि त्या जबाबात अनेकदा साऱ्या आयुष्याची वाट लिहिलेली असते. श्रीमंतांपेक्षा गरिबांचा माग या कागदांत अधिक स्पष्ट सापडतो.

अर्थ सर्वांत शेवटी

लिंकन हे नाव लिंकन शहरावरून आले, आणि शहराच्या नावात ब्रिटनच्या जुन्या भाषेतील ‘तळे’ या अर्थाचा शब्द आणि रोमन ‘कोलोनिया’ एकत्र झाले आहेत. यावरून कुटुंब शहरात राहत होते असे समजणे चूक आहे. पुण्यातच राहणाऱ्याला पुणेकर म्हणून शेजाऱ्यांपासून वेगळे ओळखता येत नाही. ते नाव त्याला गाव सोडल्यावर उपयोगी पडते. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडमध्ये आडनावे बहुतांशी वंशपरंपरागत झाली, त्यामुळे गावावरून पडलेले नाव बहुधा त्याआधीच्या एका स्थलांतराची खूण असते, आणि अशा नावाची एकमेकांशी नाते नसलेली अनेक कुटुंबे असू शकतात. या लिंकनांच्या पक्क्या पिढ्या नॉरफोकमधल्या आहेत, म्हणून वंशावळीत सर्वांत वरची जागा नॉरफोकला द्यावी आणि लिंकन शहराचे नाव फक्त आडनावाच्या अर्थापुढे लिहावे.