एकच कायदा, शेवटपर्यंत: अमेरिकेतलं सुधारणायुग अभ्यासायची एक रीत

अमेरिकेच्या ‘प्रोग्रेसिव्ह एरा’वर, म्हणजे साधारण 1890 ते 1920 या काळावर टिपण काढायला बसलं की वही भराभर भरते. मक्तेदारीला लगाम, मांसाची तपासणी, आयकर, सिनेटरांची थेट निवडणूक, दारूबंदी, स्त्रियांचा मताधिकार. यादी बरोबर असते, पण सुधारणा घडते कशी आणि अडते कुठे, ते यादीतून कळत नाही. त्यापेक्षा एकच सुधारणा धरावी आणि तिचा माग काढत शेवटपर्यंत जावं.

इथे बालमजुरीबंदी घेतली आहे. एक तर तिची मूळ कागदपत्रं घरबसल्या फुकट वाचता येतात. दुसरं म्हणजे ही लढाई संसदेत दोनदा जिंकली आणि कोर्टात दोनदा हरली, त्यामुळे आतले सगळे सांधे उघडे दिसतात. तीन रविवार पुरतात. एक वही, मोजपट्टी आणि 1900 ते 1941 असा आडवा कालपट आखलेला मोठा कागद एवढं सामान घेऊन बसा.

आधी आकडा, पण सोलून

सगळीकडे सापडणारा आकडा 1900 च्या जनगणनेचा आहे: 10 ते 15 वयाची 17,50,178 मुलं कामावर. तो उतरवण्याआधी त्याखाली तीन गोष्टी लिहा. दहाच्या आतली मुलं यात मोजलेलीच नाहीत. यातली निम्म्याहून अधिक मुलं गिरणीत किंवा खाणीत नव्हे, शेतावर होती. आणि कामाला म्हणून कुणाला धरायचं, ते मोजणाऱ्याला मिळालेल्या सूचनांवर ठरत होतं.

या तिसऱ्या मुद्द्यावर भलेभले घसरतात. 1910 चा आकडा 19,90,225 आहे आणि 1920 चा 10,60,858. शेजारी शेजारी मांडले की दहा वर्षांत बालमजुरी जवळजवळ निम्मी झाली असं वाटतं आणि श्रेय लगेच कायद्याला दिलं जातं. पण 1910 ची मोजणी 15 एप्रिलला झाली, ऐन शेतीच्या हंगामात. 1920 ची झाली 1 जानेवारीला, शेतं रिकामी असताना. शिवाय 1910 मध्ये शेतावर राबणाऱ्या बायकामुलांची नोंद करायला मोजणाऱ्यांना मुद्दाम बजावलं होतं. घट झाली हे खरं, पण एवढी नाही. तुलना करायचीच तर शेती वगळून करा, आणि कालपटावर आकड्याशेजारी मोजणीची तारीख लिहा.

फोटो वाचायचा, नुसता बघायचा नाही

1904 मध्ये बालमजुरीविरुद्ध लढणारी नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी स्थापन झाली आणि 1908 मध्ये तिने लुईस हाइन या शिक्षकी सोडलेल्या फोटोग्राफरला कामावर घेतलं. त्याच्या छायाचित्रांच्या 5,100 हून अधिक प्रती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. लायब्ररीच्या संकेतस्थळावर छायाचित्रांच्या विभागात कमिटीचं नाव इंग्रजीत टाकलं की संग्रह उघडतो. नावाबरोबर राज्य आणि वर्षही टाका, नाहीतर ढिगात हरवाल. उतरवून घेताना चित्राचा क्रमांक त्याच क्षणी टिपून ठेवा. नंतर तोच फोटो पुन्हा सापडत नाही.

दहा फोटो पुरे, पण प्रत्येकाखालची मूळ ओळ वाचलीच पाहिजे. हाइनचं खरं कसब तिथे आहे. उदाहरणार्थ, उत्तर कॅरोलायनातल्या व्हिटनेलच्या सूतगिरणीतली, डिसेंबर 1908 मधली एक मुलगी. ओळीत काय काय आहे ते वेगळं काढा: उंची 51 इंच, गिरणीत एक वर्ष, त्यात काही रात्रपाळ्या, चार बाजू सांभाळते, रोज 48 सेंट. वय विचारल्यावर ती अडखळली, आठवत नाही म्हणाली, आणि मग हळूच कबूल केलं की कामाला लागण्याएवढी ती मोठी नाही. ‘बाजू’ म्हणजे सूत काढणाऱ्या लांब यंत्राची एक बाजू. गिरणगावच्या घरांत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता मोजपट्टी काढा आणि भिंतीवर 51 इंचांवर, म्हणजे साडेएकशे एकोणतीस सेंटिमीटरवर, पेन्सिलीने रेघ मारा. त्या रेघेशेजारी उभं राहिल्यावर जे कळतं ते कागदावर कळत नाही. हाइन उंची टिपायचा कारण वय विचारून उपयोग नव्हता: मूल खोटं बोलायचं, बाप खोटं लिहून द्यायचा. स्वतःच्या कोटाच्या कुठल्या बटणापर्यंत मुलाचं डोकं येतं ते तो बघून ठेवायचा आणि खिशातल्या खिशात कागदावर नोंदवायचा. आत शिरण्यासाठी तो कधी आगीचा तपासनीस बनायचा, कधी बायबल विकणारा.

इथे दोन चुका होतात. पहिली, उंचीवरून थेट वय काढणं. अर्धपोटी वाढलेलं मूल खुजं राहतं, म्हणून 51 इंचांवरून ‘आठ वर्षांची’ असं ठाम लिहू नका. दुसरी, फोटो म्हणजे निखळ पुरावा असं मानणं. हाइन प्रचारासाठी पगार घेत होता. कुणाचा फोटो काढायचा आणि कुणाचा नाही, हे त्यानेच ठरवलं.

वयाचा दाखला नावाची भानगड

हा भाग पाठ्यपुस्तकांत एका ओळीतही नसतो, पण सगळं इथेच अडतं. कायद्यात ‘14 वर्षांखाली बंदी’ लिहिणं सोपं. मूल 13 चं की 14 चं, हे सिद्ध कशावरून करायचं? अमेरिकेत जन्मनोंदणीचं राष्ट्रीय क्षेत्र ठरलं तेच 1915 मध्ये, आणि त्यात तेव्हा फक्त दहा राज्यं आणि राजधानीचा जिल्हा होता. बाकीकडे आईबापाचं प्रतिज्ञापत्र चालायचं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेल्या 1 जून तारखेवर अख्ख्या पिढ्या जगल्या, तेव्हा हा घोळ मराठी वाचकाला चटकन समजेल.

म्हणून कुठलाही बालमजुरी कायदा वाचताना चार प्रश्न विचारा. वय कोण ठरवणार? तपासायला माणसं किती? त्यांना आत शिरायचा हक्क आहे का? दंड किती? इलिनॉयच्या 1893 च्या कायद्याला हे प्रश्न लावून पाहा. 14 वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, आणि तपासणीसाठी एक मुख्य निरीक्षक, एक सहायक, दहा उपनिरीक्षक. दहांपैकी पाच स्त्रिया असल्याच पाहिजेत, असंही त्यातच लिहिलेलं. गव्हर्नर आल्टगेल्डने मुख्य निरीक्षक नेमलं समाजसुधारक फ्लॉरेन्स केली हिला. शिकागोसारखं शहर पोटात असलेल्या राज्याला बारा माणसं. त्याच कायद्यातलं स्त्रियांच्या आठ तासांचं कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1895 मध्ये उडवलं.

1916 चा कायदा कलमागणिक वाचा

राज्याराज्याने केलेल्या कायद्यांची अडचण स्पर्धेची होती. मॅसॅच्युसेट्सने वय वाढवलं की तिथला गिरणीमालक म्हणणार, दक्षिणेत बारा वर्षांची पोरं चालतात, आम्ही बुडू. उत्तर कॅरोलायनात 1903 च्या कायद्याने किमान वय बाराच ठेवलं होतं. म्हणून केंद्राचा कायदा हवा होता. पण अमेरिकेच्या संविधानात केंद्राला कारखान्यांवर थेट अधिकार नाही, आंतरराज्य व्यापारावर आहे. 1916 च्या कीटिंग-ओवेन कायद्याने हीच खिडकी पकडली.

कायदा छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. वहीत असा उतरवा: गिरणी, डबाबंद मालाचा कारखाना, कार्यशाळा यांत 14 वर्षांखाली नाही. खाणीत व दगडखाणीत 16 खाली नाही. कारखान्यातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांना दिवसाला आठ तास, आठवड्याला सहा दिवस, संध्याकाळी 7 ते सकाळी 6 काम बंद. हे मोडलं तर शिक्षा मुलाला कामावर ठेवल्याची नाही. माल बाहेर पडण्याआधीच्या 30 दिवसांत तिथे अशी मुलं राबली असतील, तर तो माल राज्याबाहेर पाठवता येणार नाही. पहिल्यांदा दोषी ठरेपर्यंत प्रत्येक गुन्ह्याला जास्तीत जास्त 200 डॉलर दंड, त्यानंतर 100 ते 1,000 डॉलर किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

मग समोरच्या पानावर कायद्यात काय नाही ते लिहा. शेती नाही. रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणारी पोरं नाहीत. घरी बसून कृत्रिम फुलं करणारी, कपड्यांना काजं-बटणं लावणारी कुटुंबं नाहीत. राज्यातल्या राज्यात खपणारा माल नाही. हे पान पहिल्यापेक्षा मोलाचं आहे. दक्षिणेतल्या सूतगिरण्यांत कामगार जवळजवळ सगळे गोरे होते आणि कृष्णवर्णीय मुलं कापसाच्या शेतात होती, म्हणजे कायद्याच्या संपूर्ण बाहेर. सुधारकांच्या करुणेला रंग होता का, हा प्रश्न या पानावरूनच सुटतो.

निकाल वाचताना प्रश्न ओळखा

कायदा 1 सप्टेंबर 1917 ला लागू झाला आणि 3 जून 1918 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ‘हॅमर विरुद्ध डॅगनहार्ट’ निकालात 5–4 ने पडला. दाद मागणारा डॅगनहार्ट हा शार्लटच्या गिरणीतला एक कामगार बाप. त्याचा एक मुलगा 14 खालचा, दुसरा 14 ते 16 मधला. माझ्या मुलांच्या कमाईवरचा माझा हक्क हिरावला, असं त्याचं म्हणणं. गिरणीमालक कागदोपत्री पुढे नव्हते, पण खटला उभा केला त्यांनीच.

विद्यार्थी इथे हमखास लिहितात, ‘न्यायालयाने बालमजुरी योग्य ठरवली.’ तसं काही नाही. मुलांना कामापासून वाचवलं पाहिजे हे बहुमतालाही मान्य होतं. प्रश्न अधिकाराचा होता: उत्पादन म्हणजे व्यापार का? बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती डे यांनी नाही म्हटलं. लॉटरीची तिकिटं किंवा भेसळीचं अन्न हा मालच वाईट, म्हणून त्याची वाहतूक केंद्राला रोखता येते. सुताच्या कापडात मात्र काही वाईट नाही.

निकाल वाचताना संविधानाची दहावी दुरुस्ती बाजूला उघडी ठेवा आणि शब्द जुळवून पाहा. केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे राहतात, असं दुरुस्ती म्हणते. डे यांनी तिचा आशय सांगताना ‘स्पष्टपणे’ न दिलेले असं म्हटलं. हा शब्द मुळात नाहीच, आणि त्याने सगळा तोल राज्यांकडे झुकतो. त्यानंतर न्यायमूर्ती होम्स यांचं विरोधी मत वाचा. ते आटोपशीर आहे, आणि 23 वर्षांनी तेच कायदा ठरलं.

हरल्यानंतरची पानं सोडू नका

बहुतेक टिपणं 1918 ला थांबतात. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 1919 मध्ये दुसरी वाट काढली: मुलं ठेवणाऱ्याच्या वार्षिक निव्वळ नफ्यावर 10 टक्के कर. 1922 मध्ये बेली खटल्यात तोही 8–1 ने गेला. आधी विरोधात मत देणारे होम्सही या वेळी बहुमतात होते, हे मुद्दाम टिपा. हा कर नसून दंड आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. मग 1924 ची संविधान दुरुस्ती. तिने केंद्राला अधिकार दिला तो 18 वर्षांखालच्या श्रमावर, 14 किंवा 16 नव्हे. या एका आकड्याने घात केला. तुमचा सतरा वर्षांचा पोरगा गाय पिळायलाही सरकारची परवानगी घेईल, असा प्रचार शेतकऱ्यांत झाला. 48 पैकी 36 राज्यांची मंजुरी हवी होती, 28 वर गाडी थांबली.

शेवटी महामंदीत, मोठी माणसंच बेकार असताना, 1938 चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट आला: सर्वसाधारण किमान वय 16, धोक्याच्या कामांना 18. 1941 च्या डार्बी निकालाने डॅगनहार्ट रद्द केला. कालपटावर 1918 ते 1941 बाण काढा आणि त्याखाली कायद्याबाहेरची कारणंही लिहा: नवी यंत्रं, आणि सक्तीचं शिक्षण. ते सर्वांत शेवटी मिसिसिपीने 1918 मध्ये आणलं.

मुंबईशी जोडायचं असेल तर

जोड खरी आहे, पण बेताने वापरा. 1881 च्या भारतीय फॅक्टरी कायद्याने 7 वर्षांखालच्या मुलांना बंदी घातली आणि 7 ते 12 च्या मुलांना दिवसाला नऊ तास ठरवले. 1891 मध्ये वय 9 झालं. कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबाव होता, कारण मुंबईचं स्वस्त सूत त्यांना झोंबत होतं. उत्तरेच्या गिरण्या आणि दक्षिणेच्या गिरण्या हीच गोष्ट, फक्त मध्ये समुद्र. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांतर्फे मांडलेल्या मागण्या शेजारी ठेवून वाचल्या तर तुलनेला कामगारांचा आवाजही मिळतो.

डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात होते. कीटिंग-ओवेन कायद्याचं विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झालं तो फेब्रुवारी 1916 त्यातलाच. पुढे मजूरमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या कामाशी याची सरळ रेघ जोडायचा मोह होतो. त्यांच्याच लिखाणातला संदर्भ हाती असल्याशिवाय ती रेघ ओढू नका.

लिहायला बसताना

दहा पानांचं टिपण असेल तर आकड्यांना एक पान, फोटोंना दोन, कायद्याला दोन, निकालांना तीन, उरलेली दोन 1918 नंतरच्या काळाला. निकालांचा उल्लेख त्यांच्या खंड-पान क्रमांकाने करा: डॅगनहार्ट 247 यू.एस. 251, बेली 259 यू.एस. 20, डार्बी 312 यू.एस. 100. फोटोखाली हाइनची मूळ ओळ भाषांतर करून पूर्ण द्या, पण मुलाचं नाव आलं असेल तर आडनाव गाळा. त्यांची नातवंडं आज हयात आहेत.